सल्ला देणारे केंद्र की अर्ज घेणारे कार्यालय?

१ मे १९७८ रोजी देशात जिल्हा उद्योग केंद्रांची योजना अमलात आली. त्याआधी २३ डिसेंबर १९७७ रोजी जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी संसदेत जे औद्योगिक धोरण मांडले, त्यात लघुउद्योगांच्या विकासाचे केंद्र मोठ्या शहरांतून आणि राज्यांच्या राजधान्यांतून उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याचा संकल्प होता. लहान उद्योजकाला दहा कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत. यंत्र कोणते घ्यावे, कच्चा माल कोठून आणावा, कर्ज कसे मिळवावे आणि तयार माल कोठे विकावा, या चारही प्रश्नांची उत्तरे त्याला एकाच छताखाली मिळावीत, ही त्यामागील कल्पना होती. या कल्पनेला आता अर्धशतक होत आले आहे. यवतमाळसारख्या, शेतीवर पोसलेल्या आणि शेतीनेच गांजलेल्या जिल्ह्यात ती कितपत उतरली, याचा हिशेब मांडण्याची वेळ त्यामुळे आली आहे.

हा हिशेब केवळ कारखानदारांपुरता नाही. नोकऱ्यांची वाट पाहून थकलेला पदवीधर जेव्हा दालमिल, मसाला कांडप किंवा वेल्डिंगचे वर्कशॉप काढावयास निघतो, तेव्हा त्याच्या मागे बहुधा शिक्षक अथवा कारकून असलेल्या बापाची भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम असते, किंवा आईच्या नावावरील दोन एकर कोरडवाहू शेत असते. व्यवसाय बुडाला की बँकेच्या खतावणीत एक खाते थकते. घरात मात्र एका पिढीची पुंजी संपते. म्हणूनच अशा माणसाला वेळेवर योग्य सल्ला मिळतो की नाही, हा प्रश्न अनुदानाच्या आकड्यांहून मोठा आहे.

मूळ कल्पना आणि तिचा संकोच

लघुउद्योगांना सल्ल्याची गरज असते, ही जाणीव या देशात नवी नाही. १९५४ मध्ये केंद्र सरकारने लघुउद्योग विकासाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि तिच्यातून ठिकठिकाणी लघुउद्योग सेवा संस्था निघाल्या. विदर्भासाठी अशी संस्था नागपूरला झाली. १९५५ मध्ये प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा विचार रोजगाराच्या अंगाने केला. १९७८ च्या योजनेने पुढचे पाऊल टाकले. जिल्हा केंद्रात एक महाव्यवस्थापक आणि त्याच्या हाताखाली आर्थिक पाहणी, यंत्रसामग्री, कच्चा माल, कर्ज, विक्री, ग्रामोद्योग अशा विषयांचे स्वतंत्र व्यवस्थापक असावेत, अशी तिची मूळ रचना होती. ही नावे वाचली तरी ध्यानात येते की, कर्ज हा या कामाचा एक भाग होता, सर्वस्व नव्हते.

पुढे चित्र पालटले. १९९३-९४ पासून या केंद्रांना मिळणारे केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य थांबले आणि त्यांचा भार राज्यांवर आला. त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९९३ रोजी सुशिक्षित बेरोजगारांसाठी प्रधानमंत्री रोजगार योजना सुरू झाली व तिची अंमलबजावणी याच केंद्रांकडे आली. २००८ मध्ये तिचे रूपांतर प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात झाले. २०१९ पासून राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम तिच्या जोडीला आला. प्रत्येक योजनेबरोबर उद्दिष्टाचा एक आकडा आला: अमुक प्रकरणे, अमुक मंजुरी, मार्चअखेर अमुक वाटप. पाहणी, यंत्र आणि बाजारपेठ यांसाठी कल्पिलेला माणूस हळूहळू अर्जांची छाननी करण्यात गुंतला. यात व्यक्तींचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. ज्याचे मोजमाप होते तेच काम होते, हा सरकारी कचेऱ्यांचा जुना नियम आहे. आणि मोजमाप मंजुरीचे होते, सल्ल्याचे नव्हते.

यवतमाळची जमीन

यवतमाळ जिल्ह्याचा विस्तार १३ हजार ५०० चौरस किलोमीटरहून अधिक असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. तालुके सोळा. उत्तरेला व पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. उमरखेड आणि वणी ही दोन टोके जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहेत. झरी-जामणीच्या आदिवासी गावातून निघालेल्या माणसाचा तर एका अर्जापायी पुरा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते.

या जिल्ह्याचे अर्थकारणही एकजिनसी नाही. मध्यभागी कापूस, सोयाबीन आणि तूर. दक्षिणेकडे पुसद-उमरखेड पट्ट्यात ऊस व हळद. वणी परिसरात कोळसा आणि चुनखडी. राजूरच्या चुनाभट्ट्या त्या चुनखडीवरच पेटल्या. मुकुटबनला २०२२ मध्ये मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. यवतमाळजवळ लोहारा येथे औद्योगिक वसाहत आहे. जंगलपट्ट्यात साग, बांबू, तेंदू आणि मोह. म्हणजे जिनिंगवाल्याचा प्रश्न वेगळा, गूळ-हळदवाल्याचा वेगळा आणि कोळसा खाणींभोवतीच्या वर्कशॉपचा त्याहून वेगळा. एकाच छापाचा प्रकल्प अहवाल सोळा तालुक्यांत फिरवून भागणार नाही, हे येथे नकाशावरूनच दिसते.

दुसरी गोष्ट हंगामाची. कापूस दिवाळीच्या आगेमागे येतो आणि जिनिंगची धामधूम उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरते. तूर साधारणतः जानेवारीनंतर बाजारात येते. ज्या जिल्ह्यात वर्षाचा कच्चा माल तीन-चार महिन्यांत खरेदी करावा लागतो, तेथे यंत्राच्या किमतीपेक्षा खेळत्या भांडवलाची चिंता मोठी असते. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तिच्यात यवतमाळही होते. शेतीतील संकटावर शेतीबाहेरील रोजगार हाही एक उतारा आहे, असे तेव्हापासून सतत सांगितले गेले. तो उतारा लागू पडायचा, तर शेतीबाहेर पडलेला माणूस व्यवसायात टिकला पाहिजे.

दालमिलचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ म्हटले, तर दारव्हा तालुक्यातील एखाद्या गावच्या तरुणाचे घेता येईल. त्याने दहा लाख रुपयांचा दालमिलचा प्रकल्प मांडला. रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमानुसार खुल्या प्रवर्गातील ग्रामीण अर्जदाराला स्वतःचे दहा टक्के, म्हणजे एक लाख घालावे लागतात. उरलेले नऊ लाख बँक देते. अनुदान पंचवीस टक्के, म्हणजे अडीच लाख. पण हे अडीच लाख त्याच्या हातात पडत नाहीत. ते बँकेत त्याच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षे व्यवसाय नीट चालल्याची पडताळणी झाली, तर ती रक्कम कर्जात वळती होते. अनुदान म्हणजे हाती येणारी रोकड, असा समज करून घेणारा तरुण येथेच पहिली चूक करतो, आणि ती सावध करणारे कोणी भेटले नाही, तर ती चूक त्याला सहाव्या महिन्यात कळते.

आता गिरणी सुरू झाली. रोज पाच क्विंटल तूर भरडली जाते आणि तुरीचा भाव क्विंटलला सात हजार रुपये आहे असे धरले, तर रोजची खरेदी ३५ हजारांची होते. शेतकरी रोख मागतो. त्याची गरज रोखीचीच असते. डाळ घेणारा व्यापारी मात्र दीड महिन्याची उधारी सांगतो. महिन्यातील पंचवीस दिवस गिरणी चालली, तर दीड महिन्यात सुमारे १३ लाख रुपये व्यापाऱ्याकडे अडकतात. सबंध प्रकल्प दहा लाखांचा आणि उधारी तेरा लाखांची! यंत्र चांगले, माल चांगला, माणूस कष्टाळू; तरी गिरणी बंद पडते. तिला बुडवणारी गोष्ट प्रकल्प अहवालाच्या शेवटच्या पानावर, खेळत्या भांडवलाच्या एका ओळीत दडलेली असते.

हे गणित अवघड नाही. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ते मांडू शकेल. परंतु ते कर्ज घेण्याआधी कोणीतरी त्या तरुणासमोर बसून, त्याच्या गावचे भाव आणि त्याच्या गिऱ्हाइकाच्या सवयी धरून मांडले पाहिजे. पाच क्विंटलांऐवजी दोन क्विंटलांनी सुरुवात कर, निम्मा माल मजुरीने भरडून दे, उधारी पंधरा दिवसांवर जाऊ देऊ नकोस, एवढे तीन शब्द त्याला वाचवू शकले असते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी प्रकल्प अहवाल एखाद्या मध्यस्थाकडून तयार होऊन येतो आणि तो मंजुरीसाठी लिहिलेला असतो, चालवण्यासाठी नव्हे.

मोबदल्याची रीत याच दोषाला खतपाणी घालते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये केंद्राने जी योजना सुरू केली, तिच्यात उद्योजकाला हात देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमण्याची तरतूद झाली. कल्पना स्तुत्य होती. परंतु या व्यक्तीचा मोबदला प्रकरणागणिक ठरला: निम्मा कर्ज मंजूर झाल्यावर आणि उरलेला नोंदणी, परवाने आदी पूर्तता झाल्यावर. म्हणजे 'हे कर्ज तू सध्या घेऊ नकोस' असा प्रामाणिक सल्ला देणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. वैद्याला औषधाच्या विक्रीवर वेतन दिले, तर तो पथ्य सांगेल कशाला?

हक्क आहेत, वाट दाखवणारा नाही

सल्ल्याची दुसरी गरज हक्कांच्या बाबतीत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने, नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, असे बंधन घातले. लेखी करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांचीच. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार विशेष परिषदेकडे. आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराने रकमेच्या ७५ टक्के आधी भरले पाहिजेत. २०२३ मध्ये प्राप्तिकर कायद्यात सुधारणा होऊन, मुदतीत न दिलेली अशी देणी खर्चात धरण्यासही आडकाठी आली. कागदावर याहून कडक कायदा मागणे कठीण.

पण त्याच दालमिलवाल्याला हे कोण सांगणार? उद्यम नोंदणी विनामूल्य असून ती आधी झालेली असावी लागते. मालाच्या पावतीवर तारीख आणि सही असावी लागते. तक्रार केल्यावर गिऱ्हाईक तुटण्याची भीती असते, म्हणून आधी समजुतीचे पत्र कसे लिहावे, हे ठाऊक असावे लागते. २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती केवळ बँककर्जातील प्राधान्यापुरती. थकलेल्या पैशांविषयीचे संरक्षण तिच्यात नाही. हा बारकावा न कळल्याने नोंदणीचा कागद भिंतीवर लावून निर्धास्त राहिलेला दुकानदार फसू शकतो.

वणीचे उदाहरण याहून बोलके आहे. केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण २०१२ मध्ये लागू झाले. २०१८ मध्ये तो हिस्सा २५ टक्के करण्यात आला व त्यात महिला उद्योजकांसाठी तीन टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार टक्के राखले गेले. वेस्टर्न कोलफील्ड्स हा सार्वजनिक उपक्रम वणीच्या दारातच कोळसा काढतो. त्या परिसरातील लेथ आणि वेल्डिंगच्या वर्कशॉपला ही बाजारपेठ अंगणात आहे. परंतु तेथवर पोचण्यासाठी सरकारी ई-बाजारावर नोंदणी, निविदेची भाषा, मालाच्या गुणवत्तेची प्रमाणपत्रे या पायऱ्या चढाव्या लागतात. या पायऱ्यांवर हात धरणारा माणूस हाच खरा उद्योग केंद्राचा अधिकारी.

सहयोगिनीचा धडा

'एवढ्या माणसांपर्यंत पोचायचे कसे?' असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात ६ कोटी ३३ लाखांवर असंघटित लहान उद्योग होते आणि त्यांतील नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक सूक्ष्म. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेले मूठभर अधिकारी त्यांच्या दारी कसे जाणार?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच, आणि तेही बायकांनी देऊन ठेवले आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रमातून 'लोकसंचालित साधन केंद्रे' उभी केली. शे-दोनशे बचत गटांचे एक केंद्र, ते तालुक्याच्या आसपास, त्याचा कारभार गटांतील स्त्रियांच्याच हाती, आणि गावोगाव फिरणारी सहयोगिनी. तिचे काम अर्ज घेण्याचे नाही. गटाच्या बैठकीला बसण्याचे, वही तपासण्याचे, हप्ता थकला तर कारण विचारण्याचे. तिच्या वहीत कोणाची शेळी मेली आणि कोणाचे पापड शहरात खपले, दोन्ही नोंदले जाते. केंद्राने सेवाशुल्कातून स्वतःच्या पायावर उभे राहावे, असाही प्रयत्न आहे. त्यात उणिवा असतील; परंतु सल्लागाराने माणसाकडे जावे आणि कर्जानंतरही जात राहावे, हे सूत्र तिने सिद्ध केले आहे. शेतकऱ्यासाठी गावपातळीवर कृषी कर्मचारी आहे, जनावरासाठी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, बचत गटासाठी सहयोगिनी आहे. दहा लाखांचे कर्ज डोक्यावर घेतलेल्या तरुणाच्या वाट्याला मात्र वसुली अधिकाऱ्याखेरीज कोणी येत नाही.

परदेशांतही हेच सूत्र दिसते. अमेरिकेत १९८० च्या कायद्याने लघुव्यवसाय विकास केंद्रांचे जाळे विणले गेले; त्यांतील पुष्कळ केंद्रे विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या आश्रयाने चालतात, आणि त्यांचे काम कर्ज देण्याचे नसून सल्ल्याचे व शिकवण्याचे असते. जपानमध्ये १९६० च्या कायद्यान्वये गावोगावी स्थापन झालेल्या 'शोकोकाई' या वाणिज्य-उद्योग संस्थांत व्यवसाय मार्गदर्शक नेमलेले असतात आणि ते दुकानांत, कारखान्यांत फेऱ्या घालतात. दोन्हीकडे सल्लागार हा सावकाराचा दलाल नाही, हे महत्त्वाचे.

करता येण्याजोगे

यवतमाळपुरते बोलायचे, तर यासाठी नवे महामंडळ काढण्याची गरज नाही. महामंडळांची या राज्यात टंचाई कधीच नव्हती. पहिली गोष्ट मोजमापाची. यंदा किती प्रकरणे मंजूर झाली, याबरोबरच तीन वर्षांपूर्वी मंजूर झालेल्यांपैकी किती आज चालू आहेत, हे तालुकावार दरवर्षी जाहीर झाले पाहिजे. तीन वर्षांनंतरची पडताळणी नियमाने होतच असते. तिचे निष्कर्ष फायलीत न ठेवता फळ्यावर लावावेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समितीसमोर हाच आकडा आधी यावा.

दुसरी गोष्ट, केंद्राने माणसांकडे जाण्याची. पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा, दारव्हा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी केंद्राचा एक जाणता माणूस ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसला, तर शंभर किलोमीटरचे अंतर एका फटक्यात नाहीसे होईल. बाजाराला माणूस येतोच. त्याला वेगळी मजुरी बुडवावी लागत नाही.

तिसरी गोष्ट शिक्षणसंस्थांची. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय असो वा पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, जिल्ह्यात वाणिज्याचे आणि यंत्रविद्येचे ज्ञान विखुरलेले आहे. प्रत्येक वाणिज्य विभागाने तालुक्यातील दहा छोट्या व्यवसायांचे हिशेब वर्षभर विनामूल्य मांडून दिले, तर व्यावसायिकाला महिन्याची जमाखर्चाची वही मिळेल आणि विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेरचा धडा. निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा अनुभवही या कामी यावा. बुडालेली खाती ज्यांनी पाहिली, त्यांच्याइतके बुडण्याचे शास्त्र कोणाला अवगत नसते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: सल्लागाराचा मोबदला मंजुरीपासून तोडला पाहिजे. त्याला वेतन द्यावे, प्रवासभत्ता द्यावा, आणि 'नको' म्हणण्याची मुभा द्यावी. हा खर्च परवडणारा नाही, असे म्हणणाऱ्यांनी बुडालेल्या एका दालमिलमागे बँकेचे, सरकारचे आणि त्या घराचे मिळून किती लाख जातात, ते आधी मोजावे.

अनुदान वाईट नाही. ते नसते, तर अनेक गरीब घरांतील मुले-मुली बँकेच्या दारातही उभी राहिली नसती. परंतु अनुदान हे बी आहे, आणि नुसते बी देऊन पीक येत नाही, हे या कापसाच्या जिल्ह्याला कोणी सांगावयास नको. पेरणीनंतर निंदणी-खुरपणी लागते, किडीवर डोळा ठेवावा लागतो, आणि पाऊस ओढ देऊ लागला की शेजारच्या जाणत्याला विचारावे लागते. १९७८ मध्ये त्या जाणत्याची जागा सरकारने स्वतःकडे घेतली होती. ती जागा अजून रिकामी आहे. तिच्यावरची पाटी मात्र कायम आहे.